तलायतमासची दुसरी शपथ

तलायतमास रडायला लागली की आधी डावा डोळा भरतो, मग उजवा. तिच्या डोक्यावर माईकची काठी धरून माझं निम्मं आयुष्य गेलं, तेव्हा एवढं मी खात्रीने सांगू शकतो. त्या पाण्यामागे काय असतं ते मात्र मला विचारू नका. ते तिच्या आईलाही सांगता आलं नाही. आमच्या तिमझूरच्या बायका तिच्या कॅसेटी बघत, अंगावरच्या काळ्या वस्त्राच्या टोकाने डोळे पुसत, आणि त्याच संध्याकाळी ती दारात आली तर तिच्या हातचा चहा घेत नसत. त्यांच्या मनाशी हिशोब पक्का होता. पडद्यातली तलायतमास खरी, दारात उभी असलेली खोटी.

ती माझ्या काकाची मुलगी. आमच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ ‘जिला भाऊ आहेत ती’. भाऊ दोन आहेत, कासाब्लांकात किराणा दुकान चालवतात, ईदला मेंढा घेऊन येतात आणि बहिणीचा विषय निघाला की मेंढ्याच्या दातांबद्दल बोलतात.

ती एकोणीस वर्षांची असताना नवऱ्याने तिला परत पाठवलं होतं. त्या वर्षी गावातल्या एका लग्नाचं चित्रण करायला इनेझगानचा कॅसेटवाला बुजमा आला. बायकांच्या घोळक्यात तलायतमास नवरीच्या सासूची नक्कल करत होती. सासू तिथेच बसली होती आणि हसून हसून तिचा दात दुखायला लागला होता. बुजमाने कॅमेरा नवरीवरून काढला तो हिच्यावर लावला.

“ही कोण?” त्याने मला विचारलं.

“माझी चुलत बहीण.”

“नवरा?”

“सोडलंय त्याने.”

“छान. म्हणजे परवानगी एकीकडेच मागायची.”

काका तेव्हा हयात नव्हता, म्हणून तो माझ्या काकूकडे, याम्नाकडे गेला. काकू तेलासाठी दगडावर अर्गानच्या बिया फोडत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

“टीव्हीला आपली भाषा येत नाही,” ती म्हणाली. “तो अरबी बोलतो, नाहीतर फ्रेंच. माझी पोरगी त्याच्यात जाऊन काय करेल? मुकी बसेल?”

“लाल्ला, तेच तर,” बुजमा म्हणाला. “आता तो बोलायला शिकणार.”

काकूने आणखी एक बी फोडली. “मग शिकव त्याला. पण पोरीला संध्याकाळच्या आत घरी आणायचं. आणि हा बिही बरोबर जाईल.”

बिही म्हणजे मी. असा मी सिनेमात आलो.

बुजमाचं काम कसं चाले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. लिहिलेलं काही नसे. सकाळी जवाची लापशी खाताना तो गोष्ट सांगे, दुपारपर्यंत ती बदललेली असे. पात्रांना वेगळी नावं द्यायचा त्याने एकदा प्रयत्न केला, पण हाक मारली की कोणी वळेचना. मग त्याने ठरवलं, ज्याचं त्याचं नाव तेच पात्राचं. तलायतमास ही तलायतमास, याम्नाची मुलगी. उभं कुठे राहायचं हे कळावं म्हणून तो जमिनीवर काळे खडे ठेवी. खाली बघायचं नाही. चपलेच्या पातळ तळाला खडा लागला की थांबायचं. बाकीचे खड्यांवर अडखळत. ती मात्र कुठूनही चालत यायची आणि दुसरीकडेच बघत नेमकी खड्यावर थांबायची, जणू तिला जन्मापासून तिथेच उभं राहायचं होतं.

पहिल्याच सिनेमात तिला शपथ घ्यायची होती. गोष्ट अशी: सून गावाच्या धान्यगढीतून, जिथे प्रत्येक घराची एक बंद खोली असते, तिथून सासरचा जव चोरते, उपाशी आईला नेऊन देते. चोरी उघड होते. पंच तिला सीदी उगनानच्या, आमच्या गावच्या संताच्या, कबरीवर नेतात. कबरीच्या दाराला हात लावून ती म्हणते, मी घेतला नाही.

बुजमाने दगडांच्या ढिगावर हिरवं कापड टाकून कबर उभी केली होती. वाऱ्याने कापड उडालं. दोनदा. तिसऱ्यांदा तो वैतागला आणि म्हणाला, “खरी कबर इथून दिसतेय की! चला.”

तलायतमास दारापाशी थांबली. “हात टेकवू का खरंच?”

“कॅमेऱ्याला हात दिसला पाहिजे.”

तिने हात टेकवला. वरच्या शेतांच्या पायऱ्यांवर गाव जमलं होतं. माझ्या कानांवर हेडफोन होता, त्यामुळे तिचा आवाज मला सगळ्यांत जवळून आला. “मी याम्नाची मुलगी तलायतमास. जवाच्या एका दाण्यालाही मी हात लावलेला नाही. लावला असेल तर सीदीने माझे डोळे घ्यावेत.” डावा डोळा भरला, मग उजवा. बुजमाने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. पायऱ्यांवर कोणी हललं नाही.

त्या हिवाळ्यात गावाच्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला आणि साठवलेलं पाणी खडकात जिरलं. टाकी जुनी होती. पण गाव म्हणालं, ओठ तिचेच होते, नाव तिचंच होतं, दार सीदीचंच होतं. आणि जव तर तिने घेतलाच होता, आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

ती हसायची तेव्हा. “म्हणजे मी चोरी केली हे त्यांनी सिनेमात पाहिलं, म्हणून माझी सिनेमातली शपथ खोटी. बरोबर आहे की नाही रे बिही?”

मी बरोबर आहे म्हणालो. त्यात चूक काढायला मला जागा दिसत नव्हती. अजूनही दिसत नाही.

मग वर्षं गेली, आणि ती वर्षं चांगली होती. इनेझगानच्या बाजारात दुकानादुकानात कॅसेटींच्या वेष्टनांवर तिचा चेहरा दिसू लागला. तिने नवऱ्याला विष घातलं. ती दोनदा विधवा झाली. एका सिनेमात ती आंधळी भिकारीण होती; त्यासाठी तिझनितच्या बाजारात एका आंधळ्या माणसाशेजारी ती चार दिवस बसून राहिली. त्याला शेवटी संशय आला की ही आपली जागा बळकावणार, आणि त्याने तिला काठीने हाकललं. फ्रान्सच्या खाणींतून परतलेले म्हातारे रस्त्यात तिला थांबवून तिचे संवाद म्हणून दाखवत, कारण तिथल्या थंडीत आपल्या भाषेतला एवढाच आवाज त्यांच्याकडे होता. मग सीडी आल्या. सकाळी सिनेमा निघे, संध्याकाळी त्याच्या चोरून काढलेल्या नकला गाडीवर विकायला येत. बुजमा बुडाला, दुकानाला कुलूप लावून भावाकडे गेला. जाताना कॅमेरा तिला देऊन गेला.

कॅमेरा हातात आल्यावर ती वेगळीच बाई झाली. कमी बोलायला लागली. गोष्टी सोडून ती म्हाताऱ्यांकडे वळली. जी बाई तिचा चहा घ्यायची नाही, तीच बाई कॅमेऱ्यापुढे तासभर आपल्या सासूचे गुन्हे सांगायची. तलायतमास म्हणायची, “त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. यंत्रावर आहे. यंत्र कोणाच्या खांद्यावर आहे ते त्या बघत नाहीत.”

तिला गढीवर सिनेमा करायचा होता. गढीचं छत ढासळत होतं, किल्ल्या लाकडाच्या, दातांच्या, हाताएवढ्या लांब. त्या राखणारा अमीन बेल्ला शेवटचाच, त्याच्यानंतर कोणी नव्हतं. पंचांनी होय म्हणायला खूप वेळ घेतला. शेवटी बेल्ला म्हणाला, येऊ दे तिला, मी दारात आहेच.

काम सुरू झालं त्याच वसंतात तिला उजव्या डोळ्यापुढे काजळीसारखं काहीतरी तरंगताना दिसायला लागलं. मी तिला अगादिरला नेलं. डॉक्टरने तिच्या डोळ्यात बराच वेळ उजेड मारला. साखर, तो म्हणाला, पुष्कळ वर्षांची. उजवा जाईल. डावा सांभाळा.

 परतताना घाट सुरू झाल्यावर ती म्हणाली, “कोणाला सांगायचं नाही, बिही. आईलासुद्धा नाही. आंधळीला कोण आपल्या खोलीचं दार उघडून दाखवेल?” आणि दुसऱ्या दिवसापासून तिने कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

त्याच उन्हाळ्यात गढीतून कल्तूमची चांदी गेली.

कल्तूम तिच्याच वयाची, लहानपणी तिच्याबरोबर शेळ्यांमागे फिरलेली. चांदी म्हणजे खांद्यावर वस्त्र अडकवायच्या दोन मोठ्या त्रिकोणी पिना, मध्ये साखळी, आजीकडून आलेल्या. मुलीच्या लग्नासाठी काढायला ती गेली तर पेटी रिकामी. खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली बेल्लाकडे. आणि त्या महिन्यात घराबाहेरचं माणूस आत गेलं होतं ते एकच.

पंच बदामाच्या झाडाखाली बसले. हाज ईद्दर मधोमध. त्याच्या हातात जपमाळ होती आणि ती तो ओढत नव्हता.

“मी चित्र काढलंय,” तलायतमास म्हणाली. “त्या खोलीत गेले तेव्हापासून बाहेर येईपर्यंत. सगळं त्यात आहे. बघा.”

लहान पडद्याभोवती डोकी जमली. खोली, पेटी, बेल्लाचा हात, किल्ली, बंद होणारं दार. पेटीला कोणी शिवलेलं नाही.

कल्तूम पाठीमागून म्हणाली, “तुझ्या एका सिनेमात नवरा तिझनितला दार उघडतो आणि आत येतो तो आमच्या घरात. मी स्वतः तेव्हा तव्यावर भाकरी टाकत होते. मध्ये डोंगर होता, बाई. तो कुठे गेला?”

“ते कापलेलं असतं.”

“तेच म्हणतेय मी.”

हसू फुटलं. हाज ईद्दरने हात वर केला. “यंत्र राहू दे. शपथ घे आणि मोकळी हो.”

“घेते.”

“थांब. तुझी एक शपथ त्या दारावर आधीच आहे. खोटी. एका तोंडाच्या दोन शपथा सीदी कशा वेगळ्या करणार? आधी ती साफ कर.”

“हाज, तो सिनेमा होता!”

“जव घेतला होतास की नाही?”

“तिने घेतला होता. त्या सुनेने.”

“नाव काय होतं सुनेचं?”

 मग तिचा आवाज चढला. “बरं. जव परत देते. पण मग नवऱ्याला विष घातलं त्याचं काय? त्याचा बदला घ्यायला कोण येणार आहे? तो सिनेमातला नवरा ताफ्राउतला टॅक्सी चालवतो, त्याला बोलवा! मी दोनदा विधवा झाले, माझ्या वाटणीची जमीन काढा!”

पंचांतले दोघे पुन्हा हसले. हाज ईद्दर हसला नाही.

“ते सगळं तू तुमच्या बाजारात केलंस,” तो म्हणाला. “आमच्या दारावर फक्त हे एक. एक माप जव गढीत टाक, आणि मग मागे उभी राहायला तुझी माणसं आण. नाहीतर तुझ्या आईच्या गढीतल्या खोलीच्या दारावर चिखल लिंपला जाईल आणि तुमच्या उंबऱ्यावर कोणी चढणार नाही. गढीतलं तुझं काम तर संपलंच.”

उंबऱ्यावर कोणी न चढणं म्हणजे काय, हे ती जाणत होती. म्हातारी याम्ना रोज टाकीवर जाते, रोज कोणीतरी तिची घागर उचलून डोक्यावर ठेवतं. ते हात थांबले असते.

तरी ती जव द्यायला तयार नव्हती. घरी आली, काकूच्या समोर बसली आणि म्हणाली, “एक माप जव काही मोठी गोष्ट नाही. पण दिला तर मी आयुष्यभर जे केलं ते खोटं बोलणं होतं, असं होईल. मी नाही देणार, आई. आपण तिझनितला राहू.”

काकू बिया फोडत होती. “काल दिला,” ती म्हणाली.

“काय?”

“जव. बेल्लाने माप भरून घेतलं. तुला जमणार नाही हे मला माहीत होतं.”

“पण आई, तुला तर ठाऊक आहे ना, मी...”

“तू तो माझ्यासाठी नेला होतास ना,” काकू म्हणाली. “मग फेडायला मीच नको?”

तिचा चेहरा मी बघितला. सिनेमातल्या कुठल्याही मरणाच्या वेळी तो तसा झालेला नव्हता. इतकी वर्षं, तिला पोटाशी घेऊन झोपलेल्या बाईच्या मनातही ती शपथ खोटी होती. तिने आईला माफ केलं होतं की आईने तिला, ते मला कळलं नाही. 

शुक्रवारी शपथ झाली. मागे उभं राहायला रक्ताची तीन माणसं लागतात; ती खोटी ठरली तर त्यांच्यावरही तेच ओढवतं. कासाब्लांकाहून निरोप आला, माल उतरवायचा आहे. माझे वडील उभे राहिले, मी उभा राहिलो. एक जागा रिकामी होती. तेव्हा अमीन बेल्ला किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवून उठला आणि आमच्या शेजारी येऊन थांबला. तो तिच्या आईच्या दूरच्या नात्यातला, चालण्यासारखा होता. पण ज्याच्याकडे किल्ली, तोच तिच्यामागे का उभा राहिला? हा विचार मी कितीदा केला असेल. चांगुलपणा म्हणून केला, भीती म्हणून केला, तिसऱ्याही एका कारणाने करून पाहिला, आणि ते मी लिहीत नाही.

तिने दाराला हात टेकवला. शब्द ठरलेले असतात, त्यात बदल करता येत नाही. “मी याम्नाची मुलगी तलायतमास. कल्तूमच्या चांदीला मी हात लावलेला नाही. लावला असेल तर सीदीने माझे डोळे घ्यावेत, आणि माझ्या मागे उभे आहेत त्यांचेही.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही.

कारण फक्त मला माहीत होतं की त्यातला एक डोळा ती सीदीला द्यायच्या आधीच जाऊ लागला होता.

आमच्याकडे शपथेनंतर वर्षभर थांबतात. सीदीला घाई नसते. त्या वर्षात शपथ घेणाऱ्याच्या घरात काय होतं ते सगळे बघतात: शेळी मेली का, हात मोडला का, ताप आला का. वर्ष नीट गेलं तर सीदीच्या जत्रेत आरोप करणाऱ्याने स्वतःच्या हाताने चहा द्यायचा. पेला रिकामा झाला की गोष्ट संपली, पुन्हा कोणी तोंडातून काढायची नाही.

तलायतमास वर्षभर तिमझूरमध्येच राहिली. ती गेली असती तर पळाली म्हटलं असतं. पानगळीच्या सुमारास उजवा डोळा पूर्ण विझला. बाहेरून काही कळत नव्हतं; तो आधीसारखाच काळा, ओला, चमकदार. डावा तेलाचं बोट फिरलेल्या काचेसारखा झाला होता. आणि ह्या डोळ्यांनी तिला धडधाकट बाई उभी करायची होती, रोज, उजाडल्यापासून. कोणी ‘थांबा’ म्हणणार नव्हतं.

मी पाहिलेलं तिचं सगळ्यात मोठं काम ते. त्याची कॅसेट नाही.

चहा ओतताना ती आधी किटलीचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवायची आणि मग हात उंच न्यायची. बायका म्हणाल्या, बघा, शहरात जाऊन नखरे शिकली. घरापासून टाकीपर्यंत, टाकीपासून गढीपर्यंत तिने काळे खडे पेरले होते, वाटेत सहज पडल्यासारखे. चालताना ती डोंगराकडे बघत असायची.

कल्तूम बघतच होती. एकदा सुई घेऊन आली.

“जरा ओवून दे गं. मला मेलीला दिसत नाही हल्ली.”

“मग चष्मा घे,” तलायतमास म्हणाली. “की तोही मी चोरला?”

दुसऱ्या वेळी कल्तूमने लांबून हाक मारली, “सांग बघू, माझ्या हातात काय आहे?”

“संशय,” ती म्हणाली. “तो तू खाली ठेवलास तर कळवीन.”

मी हसायचो आणि माझ्या पाठीवर घाम यायचा. माझ्यावरही नजर होती. मला रांजणवाडी झाली तेव्हा मी तिझनितला जाऊन राहिलो, पापणीची सूज उतरेपर्यंत परतलो नाही. आणि तिथे पडल्या पडल्या मला पहिल्यांदा वाटलं: हिला कळत होतं का? जाणारच असलेला डोळा पणाला लावायला काय लागतं? की उलट, तो जाणार आणि गाव तिला चोर म्हणणार हे समजूनही ती त्या दारापर्यंत चालत गेली? दोन्ही गोष्टींचा चेहरा सारखाच दिसतो. ती नटी आहे.

बेल्लाला कळलं होतं, असं मला वाटतं. हिवाळ्यात एकदा गढीच्या दारात तो तिच्या उजवीकडे बसून काही सांगत होता. मध्येच तो उठला, वळसा घालून डावीकडे जाऊन बसला आणि वाक्य पुरं केलं. त्यानंतर तो कधी तिच्या उजवीकडे बसला नाही. बोलला मात्र काहीच नाही. का नाही?

जत्रा आली. चहा कबरीसमोरच्या अंगणात द्यायचा होता. आदल्या दिवशी दुपारी तलायतमासने कॅमेऱ्याची जागा ठरवायच्या निमित्ताने अंगणात खडे लावून घेतले: एक दारात, एक वळणावर, एक बसायच्या चटईपाशी. कल्तूमला बरोबर समोर बसवायचं, डाव्या डोळ्याच्या उजेडात, असं आमचं ठरलं. ह्या चहाने सिनेमा संपणार होता.

सकाळी मी कॅमेऱ्याची तिपाई घेऊन गेलो तर अंगण झाडलेलं होतं. झाडणं कल्तूमचंच काम, चहा तिचा होता. खडे केरात गेले असते तर मी समजलो असतो. पण ते भिंतीशी एकावर एक नीट रचून ठेवले होते.

तलायतमासला सांगायला वेळच मिळाला नाही. माणसं आली होती. ती दारात दिसली, पायाने जरा चाचपली आणि तिला कळलं. ती थांबली. मग मागे वळून मोठ्याने म्हणाली, “ये आई, धर माझा हात, पडशील.” काकूने हात धरला. कोण कोणाला नेत होतं ते मला दिसलं. काकूला तरी कधीपासून माहीत होतं?

तिला चटईवर बसवून काकू म्हाताऱ्यांत जाऊन बसली. मी कॅमेरा चालू केला, कानावर हेडफोन चढवला, काठी वर धरली. कल्तूम पेला घेऊन निघाली. तिने बांगड्या काढून ठेवल्या होत्या. पायात काही नव्हतं. ती समोरून आली नाही. भिंतीकडून फिरून तलायतमासच्या उजव्या खांद्याशी आली आणि पेला पुढे करून उभी राहिली. बोलली नाही.

पेला हवेत होता. तलायतमास समोर बघत होती. पुदिन्याचा वास सगळ्या अंगणात होता, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. हाज ईद्दरने मान पुढे काढली.  बोलणारे थांबले, मुलं थांबली, हेडफोनमध्ये नुसता वारा राहिला.

आणि मग मला दिसलं की तिने ती शांतता ओळखली. कॅमेऱ्यापुढे अशी शांतता झाली की पाळी तिची असते.

तिने मान वळवली नाही. हनुवटी थोडी वर केली. “कल्तूम,” ती म्हणाली, आणि आवाज शेवटच्या पायरीपर्यंत गेला, “वर्षभर तू मला मागून बघितलंस, बाजूने बघितलंस, भिंतीआडून बघितलंस. मी मान वळवणार नाही. आज समोर ये आणि दे.”

 मग म्हाताऱ्यांतल्या कोणीतरी लग्नात काढतात तसा जिभेचा लांब लकार काढला, आणि सगळ्या बायकांनी तो उचलला. हाज ईद्दर मागे टेकला. “बरोबर बोलली,” तो म्हणाला. “हक्क आहे तिचा. समोर जा.”

कल्तूम वळसा घालून समोर आली. खाली वाकली. तलायतमासने हात पुढे केला, पेला घेतला, तळाच्या पानांपर्यंत प्यायली आणि उलटा करून दाखवला. थेंब पडला नाही.

पेला परत घ्यायला कल्तूम पुन्हा वाकली. तेव्हा ती जे बोलली ते फक्त माझ्या कानात आलं.

“डोळा गेलाय तुझा.”

“पेला रिकामा आहे,” तलायतमास म्हणाली.

कल्तूम तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, “संपलं.” त्या दिवसापासून आजवर तिने तो विषय काढलेला नाही. ती काकूची घागर उचलून देते. डोक्यावर ठेवताना जरा जास्तच वेळ धरून ठेवते, असं मला वाटतं.

सिनेमा पुरा झाला. गढीच्या भिंतीवर पांढरं कापड लावून तो दाखवला. तलायतमास अगदी पुढे बसली होती आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. चहाच्या प्रसंगातली ती दोन वाक्यं मी कापली, त्या जागी बायकांचा लकार ओढून घेतला. कापलं असं तिला मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

चांदी सापडली नाही. बेल्ला गेल्या हिवाळ्यात गेला आणि किल्ल्यांचा जुडगा आता हाज ईद्दरच्या घरी खुंटीला आहे. तलायतमास अजून काम करते. मी बघतो आणि तिला सांगतो, ती म्हणते कुठे कापायचं. कधी कधी ती मध्येच थांबून विचारते, “बिही, तू गप्प का झालास?” मी म्हणतो, काही नाही.

मी तिच्या मागे उभा राहिलो होतो. सीदीने ते वर्ष सुखरूप जाऊ दिलं, पण सीदीचं वर्ष केवढं असतं ते कोणाला माहीत. रोज सकाळी उठल्यावर मी एका डोळ्यावर हात ठेवून समोरचा डोंगर बघतो. मग दुसऱ्यावर.